भोजनाचे मोल कोणी द्यावे?

कोणी कोणाच्या हातचे खावे, कोणाच्या पंक्तीस बसावे, कोणत्या दिशेस मुख करावे, चित्राहुती केव्हा घालाव्या आणि आपोशन केव्हा घ्यावे, ह्यांविषयी आपल्या धर्मग्रंथांत जितका बारकाईने विचार झाला आहे तितका अन्यत्र क्वचितच झाला असेल. परंतु चार स्नेही मिळून घराबाहेर जेवावयास गेले असता त्या जेवणाचे पैसे कोणी द्यावे, ह्या प्रश्नावर ते ग्रंथ मौन पाळतात. ह्यात नवल नाही. ज्या समाजात अन्न विकणे हे हलके काम समजले जात असे आणि प्रवाशाची सोय धर्मशाळा, अन्नसत्र किंवा एखाद्या गृहस्थाची ओसरी करीत असे, त्या समाजात हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते. हा प्रश्न उपाहारगृहाबरोबर जन्मला. तरीही त्याच्या मुळाशी असलेली दाता, भागीदार आणि ऋणको ही त्रयी फार जुनी आहे, आणि तिचा थोडासा इतिहास वाचकांपुढे ठेवावा असा आमचा मानस आहे.

आपल्याकडील जुनी समजूत अशी की, अन्नाला एक दाता असावा आणि तो कोण हे खाणाऱ्यास ठाऊक असावे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नातकाने कोणाचे अन्न घेऊ नये ह्याची लांबलचक यादी आहे. त्या यादीत 'गणान्न' आणि 'घुष्टान्न' असे दोन शब्द आढळतात. गणान्न म्हणजे समूहाचे, अनेकांनी मिळून दिलेले अन्न. घुष्टान्न म्हणजे 'कोण जेवणार आहे?' अशी हाळी देऊन वाढलेले अन्न. ही दोन्ही वर्ज्य मानली गेली. कारण उघड आहे. अन्नाबरोबर दात्याचे गुणदोषही घेणाऱ्याकडे येतात अशी ज्याची श्रद्धा, त्याला दहा जणांच्या वर्गणीतून शिजलेल्या भाताचा दाता कोण म्हणावा हेच कळेनासे होते. आज आपण ज्यास वर्गणीचे जेवण म्हणतो ते स्मृतिकारांच्या दृष्टीने निनावी, म्हणून संशयास्पद अन्न होते.

ह्याच्या अगदी उलट टोकास कौटिल्य उभा आहे. त्याला दात्याच्या पुण्याशी कर्तव्य नाही; त्याला हिशेबाशी कर्तव्य आहे. 1909 साली शामशास्त्र्यांनी अर्थशास्त्राची संहिता प्रथम छापून प्रसिद्ध केली, त्या ग्रंथाच्या तिसऱ्या अधिकरणात गावाच्या सामायिक कामांविषयी काही नियम आहेत. गावात राहून जो शेतकरी सामायिक कामात हात लावीत नाही त्याने मजुरीच्या दुप्पट द्यावे. जो पैशाचा वाटा देत नाही त्याने त्या वाट्याच्या दुप्पट द्यावे. आणि गावाच्या समारंभात जो खाण्यापिण्याचा वाटा देत नाही त्यानेही दुप्पट वाटा भरावा. एवढ्यावरच तो थांबत नाही. खेळतमाशाच्या खर्चात ज्याने भाग दिला नाही त्याने आपल्या माणसांसह तो पाहू नये, आणि लपून पाहिला किंवा ऐकला तरी दुप्पट भरावे, असेही तो सांगतो. बिल येण्याच्या सुमारास हात धुण्यास उठणारा गृहस्थ आजचाच आहे अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

ग्रीक लोकांत वर्गणीच्या भोजनास 'एरानोस' असे नाव होते. होमरच्या 'ओडिसी' काव्याच्या पहिल्याच सर्गात अथेना देवी ओडिसियसच्या घरी चाललेला दंगा पाहते आणि ही मेजवानी आहे की लग्न, असे विचारते. कारण हे वर्गणीचे जेवण नव्हे हे तिला दिसतच असते. ह्या विचारण्यातील खोच मोठी मार्मिक आहे. ज्याचे त्याने आणलेल्या जेवणात माणसे सहसा बेताने वागतात. दुसऱ्याच्या कोठारावर बसलेल्यांचा उधळेपणा पाहताच ओळखू येतो. पुढे अथेन्समध्ये ह्याच शब्दाला एक नवा अर्थ आला. अडचणीत सापडलेल्या माणसासाठी त्याच्या मित्रांनी मिळून जमविलेले बिनव्याजी कर्ज, तेही एरानोसच. ह्या कर्जांचे तंटे इतके होऊ लागले की, ज्या दाव्यांचा निकाल महिन्याच्या आत लावावयाचा अशा दाव्यांत त्यांची गणना होत असे. आरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथात ह्याचा उल्लेख आहे. भोजनाचा शब्द न्यायालयात कसा पोहोचला ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण आम्हास ठाऊक नाही.

रोमन लोकांनी हा व्यवहार अधिकच नेमस्त केला. रोमजवळच्या लानुवियम गावी डायना देवी आणि अँटिनोअस ह्यांच्या नावाने एक मंडळी स्थापन झाली होती. सभासदांच्या अंत्यविधीची तरतूद करणे आणि ठराविक दिवशी एकत्र जेवणे, हे तिचे मुख्य काम. इसवी सन 136 चा तिचा नियमलेख शिलेवर कोरलेला सापडला आहे. प्रवेशाच्या वेळी 100 सेस्टर्स आणि चांगल्या मद्याचा एक रांजण द्यावयाचा. त्यानंतर दरमहा पाच 'आस' वर्गणी. जेवणाची व्यवस्था सभासदांच्या यादीतील क्रमाने चौघाचौघांकडे येई. त्या चौघांनी मद्य, प्रत्येकी दोन आसांची भाकरी, चार मासळ्या, बैठकीची मांडणी आणि गरम पाणी ह्यांची सोय करावयाची. पाळी चुकविल्यास 30 सेस्टर्स दंड. भांडण काढण्यासाठी जागा सोडून दुसरीकडे बसणाऱ्यास 4 सेस्टर्स दंड. ह्या मंडळीत गुलामांनाही सभासदत्व मिळे, हे येथे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. यादीतील क्रम आला की पाळी आली. मग तो कोणी का असेना.

हा पाळीचा न्याय आपल्या वाचकांस अपरिचित वाटणार नाही. गोमंतकातील देवस्थानांत महाजनांच्या कुळांनी उत्सवाचा एकेक दिवस वाटून घ्यावा, त्या दिवसाचा खर्च आणि मान दोन्ही त्या कुळाकडे असावे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. 1886 साली आणि पुन्हा 1933 साली पोर्तुगीज सरकारने महाजनमंडळींच्या कारभाराचे नियम कागदावर आणले, त्याच्या कितीतरी आधीपासून माणसे हा हिशेब तोंडी सांभाळीत होती. ह्या रीतीचा गुण असा की, समाराधनेस बसलेल्या पाहुण्यास अन्नाची किंमत कळत नाही आणि त्याने ती विचारावयाचीही नसते. यजमान आज एक, उद्या दुसरा. वर्ष संपेपर्यंत देणारा आणि घेणारा हे एकच होऊन जातात.

परंतु ह्या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पंगतीत पैसे लागत नसत हे खरे. पण पंगतीत बसावयास मिळणे हेच मुळी सर्वांच्या नशिबी नव्हते. कोणी आत बसावे, कोणी पडवीत, कोणी अंगणात आणि कोणी पंगत उठल्यावर उरलेल्या अन्नाची वाट पाहत कुंपणाबाहेर, हे जन्माने ठरत असे. आपली देवालयेही ह्या दोषापासून मुक्त नव्हती. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यास अन्न फुकट मिळे. पण सोमवारच्या घरी मान वर करून बोलता येत नसे आणि मंगळवारच्या घरी नावडती भाजी टाकता येत नसे. फुकट अन्नाचे मोल मानेने चुकवावे लागे.

1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेले चहाचे प्रकरण ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे, गोपाळराव गोखले इत्यादी मंडळी तेथे व्याख्यानास गेली असता चहाबिस्किटे पुढे आली. पुढे उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली, ग्रामण्य उठले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताची भाषा झाली. तो चहा कोणाच्या खर्चाने झाला हा त्या वादाचा विषय नव्हता. तो कोणाच्या हातचा होता हाच एक विषय होता. एका पेल्याने एवढे मोठे शहर ढवळून निघते, ह्यावरून अन्नाच्या बाबतीत आपला समाज कोणता प्रश्न प्रथम विचारीत असे हे कळते. 'पैसे कोणी द्यावे?' हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणास मिळण्यापूर्वी 'हात कोणाचा?' हा प्रश्न मागे पडावा लागला.

तो मागे पाडण्याचे पुष्कळसे काम रोकड पैशाने केले. पोळीभाजीच्या खानावळी, इराण्यांची चहाची दुकाने, उडुपी मंडळींची भोजनगृहे, ह्या सर्वांनी शहरात आलेल्या एकट्या नोकरदारास जेवू घातले. ती सर्वच ठिकाणे प्रथमपासून सर्वांस खुली होती असे मात्र नव्हे. पाटीवर जातीचे नाव लिहिलेली हॉटेले आणि दाराबाहेर वेगळ्या ठेवलेल्या कपबशा पाहिलेली माणसे अद्याप हयात आहेत. 26 जानेवारी 1950 पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या 15 व्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले ह्यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान ह्यांवरून कोणास मज्जाव करता येणार नाही असे सांगितले. 17 व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. आणि 1955 च्या कायद्याने असा मज्जाव करणे हा गुन्हा ठरविला. घटनाकारांनी मूलभूत हक्कांच्या प्रकरणात उपाहारगृहाचे नाव मुद्दाम घातले, ही गोष्ट आम्हास फार अर्थपूर्ण वाटते. खिशात पैसा असलेल्या कोणाही माणसास खुर्चीवर बसून, मान ताठ ठेवून जेवता यावे, हा हक्क लहान नव्हे.

आता प्रत्यक्ष बिलाकडे वळू. खानावळीत 'ताट' हे हिशेबाचे माप होते. महिन्याचे पैसे भरले की आपले ताट आपले. शेजारच्या ताटाशी आपला संबंध नाही. युरोपातही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सरायांतून एकच मोठे मेज, एकच वेळ आणि माणशी एकच दर अशी पद्धत होती. पॅरिसमध्ये नव्या तऱ्हेची भोजनगृहे निघाली, तेव्हा प्रत्येक मंडळीस वेगळे मेज, पदार्थांची किमतींसह यादी आणि शेवटी मेजावर येणारा हिशेब ह्या गोष्टी रूढ झाल्या. ताटाऐवजी मेज हे माप झाले, आणि त्या क्षणी मेजाभोवती बसलेल्या मंडळीत 'हा कागद कोणाचा?' हा प्रश्न निर्माण झाला. सगळ्या संकोचाचे मूळ हिशेबाच्या ह्या बदललेल्या मापात आहे.

कायदा ह्या कागदाकडे कसा पाहतो? 1872 च्या भारतीय करार कायद्याचे 43 वे कलम असे सांगते की, अनेकांनी मिळून एखादे वचन दिले असेल आणि काही वेगळे ठरले नसेल, तर समोरचा पक्ष त्यांतील कोणाही एकाकडून ते पुरे करून घेऊ शकतो. ज्याने भरले त्याने इतरांकडून समान वाटा मागावा. आणि एखाद्याने वाटा बुडविला तर ती तूट उरलेल्यांनी सारखी सोसावी. थोडक्यात, हॉटेलच्या मालकाने तुमच्या आपसातील संकोचात पडण्याचे कारण नाही. दुसऱ्या बाजूस, 'या, आज माझ्याकडे जेवावयास या' असे म्हणून आयत्या वेळी पाठ फिरविणाऱ्या यजमानावर मात्र दावा लावता येणार नाही. 1919 च्या बाल्फोर खटल्यात लॉर्ड जस्टिस अ‍ॅटकिन ह्यांनी आतिथ्याचे आमंत्रण आणि त्याचा स्वीकार हे कायद्याच्या अर्थाने करार नव्हेत असे बजाविले आहे. मैत्रीच्या मेजावर न्यायासन मांडावयाचे नाही, हा त्यातील शहाणपणा आहे.

इंग्लंडातील 1938 चा लॉकेट खटला ह्याहून मनोरंजक आहे. एक जोडपे हॉटेलात जेवावयास गेले. मासळी खाऊन पत्नीस विषबाधा झाली. बिल पतीने दिले होते. हॉटेलवाल्यांचे म्हणणे असे की, आमचा करार पतीशी, तेव्हा पत्नीस कराराच्या आधारे भरपाई मागता येत नाही. न्यायमूर्ती टकर ह्यांनी ते मानले नाही. उपाहारगृहात जो पदार्थ मागवितो, मग तो पुरुष असो वा स्त्री, तो प्रथमदर्शनी त्याच्या किमतीस जबाबदार असतो. शेवटी पैसे कोणाच्या खिशातून गेले ही त्यांची आपसातील बाब आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. आधी सांगून मोठी मेजवानी ठरविणाऱ्या यजमानाची गोष्ट अर्थात निराळी. ह्या निर्णयाचे मर्म असे की, देण्याची जबाबदारी आणि मागण्याचा हक्क ह्या जुळ्या बहिणी आहेत. जिला बिल द्यावे लागणार नाही असे आपण गृहीत धरतो, तिला तक्रारीचाही हक्क नाही असे गृहीत धरणे फार सोपे होते. लॉस एंजेलिसमधील एका उंची फ्रेंच उपाहारगृहात स्त्रियांच्या हाती किमती नसलेली यादी देण्याची रीत होती. एका स्त्रीने आपल्या व्यवसायातील सहकाऱ्यास जेवावयास नेले असता तिलाच ती यादी मिळाली, म्हणून 1980 साली त्या रीतीस न्यायालयात आव्हान देण्यात आले आणि उपाहारगृहास ती सोडून द्यावी लागली. सौजन्य म्हणून जे दिले जात होते त्यात स्त्रीची तिजोरी दुसऱ्याकडे असणार हे गृहीत होतेच.

ज्याचे त्याने द्यावे ह्या रीतीस जगात किती नावे आहेत हे पाहिले म्हणजे हसू येते. इंग्रजीत ती डच लोकांच्या माथी मारली आहे. तुर्कस्तानात तिला जर्मन रीत म्हणतात. इटलीत 'रोमन रीतीने' देणे असा वाक्प्रचार आहे. आणि गोमंतकावर साडेचारशे वर्षे राज्य करणाऱ्या पोर्तुगीजांच्या भाषेत तिला 'कोंताश आ मोदा दु पोर्तु', म्हणजे पोर्तो शहराच्या पद्धतीचा हिशेब, असे नाव आहे. ही रीत नेहमी शेजाऱ्याची असते, आपली कधीच नसते! सर्वांनी ती पाळावी आणि कोणी तिचे पितृत्व घेऊ नये, ह्याचे कारण एकच: दातृत्वाची कीर्ती सर्वांस हवी असते. मराठीने मात्र ह्या बाबतीत धीटपणा दाखविला. 'तुझे तू, माझे मी' ह्याची आद्याक्षरे घेऊन तरुणांनी 'टीटीएमएम' हा शब्द बनविला आणि तो कोणा परक्याच्या नावावर न लावता स्वतःच्याच नावाने चालविला.

तरीही ह्या शब्दाच्या आड एक अन्याय लपतो, आणि ह्या लेखाचे खरे प्रयोजन तो दाखविणे हेच आहे. 'ज्याचे त्याने' आणि 'सर्वांनी सारखे' हे दोन न्याय भिन्न आहेत. आपण त्यांची गल्लत करतो. पाच जण जेवावयास बसले, चौघांनी मनसोक्त मागविले, पाचव्याने खिसा पाहून एक साधी थाळी घेतली. आणि मग भ्रमणध्वनीवर भागाकार करून प्रत्येकाच्या नावे सारखी रक्कम काढली गेली. 2016 साली एकीकृत देयक व्यवस्था सुरू झाल्यापासून हा भागाकार क्षणात होतो, आणि सुटे नाहीत ही पूर्वीची आडही उरली नाही. पाचवा काही बोलत नाही. पैसे देतो, आणि पुढच्या वेळी 'काम आहे' असे सांगून येत नाही. मित्रांस वाटते, तो बदलला. पूर्वी जन्माने माणसास पंगतीबाहेर बसविले जाई. आता बिल तेच काम करते, आणि आपण दार बंद केले आहे हेही आत बसलेल्यांस कळत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे: दर वेळी एकानेच पैसे द्यावयाचे ठरले, तर उरलेले चौघे हळूहळू वार लावून जेवणारे होतात. त्यांस यजमानाच्या विनोदास हसावे लागते.

तात्पर्य, आम्हास पुढील नियम न्याय्य वाटतात. ज्याने बोलाविले त्याने द्यावे, आणि बोलावताना तसे स्पष्ट म्हणावे. उपाहारगृह निवडतो तो आणि जेवण सुचवितो तो यजमान, मग तो स्त्री असो वा पुरुष, वयाने वडील असो वा धाकटा. जेथे कोणीच कोणास बोलाविले नाही तेथे ज्याने जे मागविले त्याचे त्याने द्यावे; समान वाटणी करावयाची तर ती सर्वांत कमी मागविणाऱ्याने सुचवावी, इतरांनी नव्हे. नेहमी भेटणाऱ्या मंडळीने पाळी ठरवावी. परंतु ज्याची पाळी त्याने स्थान निवडावे, म्हणजे कोणी चहाभजी देईल, कोणी पंचपक्वान्न देईल, आणि दोहोंचा मान सारखा राहील. लानुवियमच्या मंडळीने चारच मासळ्या ठरवून दिल्या होत्या त्या ह्याच कारणाने असाव्या असे आम्हास वाटते. श्रीमंताने पाच मासळ्या वाढल्या असत्या, तर पुढच्या पाळीच्या गुलामाने काय करावयाचे होते?

आणि हे सर्व जेवण्यापूर्वी ठरावे. बिल आल्यावर पाकिटे उपसून 'मी देतो, मी देतो' अशी जी झोंबाझोंबी होते, तीत देण्याच्या इच्छेपेक्षा देताना दिसण्याची इच्छा पुष्कळदा अधिक असते. ज्यास खरोखर द्यावयाचे आहे त्याने मंडळी बसण्यापूर्वीच गल्ल्यावर जाऊन सांगून ठेवावे. आपल्या देवळांत गुप्तदानाची पेटी असते; तीत किती टाकले हे शेजारच्यास दिसत नाही, आणि टाकले नाही हेही दिसत नाही.